लिटर वाढले म्हणून प्रवाळ जगत नाहीत

घरात प्रवाळांची टाकी ठेवणाऱ्याला वर्षभराच्या आत एक सल्ला हमखास मिळतो: मोठी टाकी घ्या, मोठी सांभाळायला सोपी असते. दुकानदार तो देतात, जुनेजाणते हौशी देतात, नवशिक्यांसाठीच्या पुस्तकांतही तो सापडतो. देणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असं मी म्हणणार नाही. बहुतेकांचा त्यावर मनापासून विश्वास असतो. पण आपल्या घरांत, आपल्या हवेत आणि ज्या घाईने तो अमलात येतो त्या घाईत हा सल्ला चुकीचा ठरतो. त्याची किंमत माणसांच्या आधी मासे आणि प्रवाळ मोजतात, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

आधी त्या बाजूचं म्हणणं पूर्ण बळानिशी मांडतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण 190 लिटर पाणी मावतं; सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीत 680. एखादा मासा खडकामागे मरून कुजला, तर त्यातून सुटणारा अमोनिया लहान टाकीत साडेतीन पट तीव्र होतो. मे महिन्याच्या दुपारी खोली तापली की लहान टाकी भराभर तापते, मोठी सावकाश. पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं, त्यामुळे एक दिवस गोडं पाणी घालायचं राहून गेलं तरी लहान टाकीचा खारटपणा लगेच वर सरकतो. हे सगळं खरं आहे. पाण्याचा साठा जितका मोठा तितका बदल संथ, इथवर माझा काही वाद नाही.

वाद पुढच्या पायरीवर सुरू होतो. हे सगळं गणित एका अटीवर उभं आहे: टाकी वाढली तरी आतल्या जीवांचा भार तेवढाच राहिला पाहिजे. दोन क्लाउनफिश आणि चार मऊ प्रवाळ 190 लिटरमधून 680 लिटरमध्ये नेले आणि मालक तिथेच थांबला, तर त्याला नक्कीच निवांत झोप लागेल. पण तिथे कोण थांबतं? मोठी टाकी घेण्याचं कारणच बहुधा टँग मासा असतो. निळा टँग दुकानात बोटभर असतो आणि पूर्ण वाढला की 30 सेंटिमीटरच्या घरात जातो. त्याला दिवसभर चरायला शेवाळ लागतं, आणि जे खाल्लं जातं ते पाण्यातच उतरतं. मग टँगला सोबत म्हणून अँथियास येतात, एखादा रास येतो, प्रवाळांची गर्दी वाढते. वर्ष सरायच्या आत लिटरमागे भार पूर्वीइतका होतो, कधी त्याहून जास्त. ज्या स्थैर्यासाठी टाकी घेतली ते खर्चून झालेलं असतं.

प्रवाळांच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. कठीण प्रवाळ आणि खडकांवर चढणारं गुलाबी चुनखडी शेवाळ आपला सांगाडा बांधताना पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढतात. लिटरमागे बांधकाम करणारे जीव सारखे असतील, तर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, रोज सारखीच घसरते, मग टाकी केवढीही असो. ही द्रव्यं परत घालणारा डोसिंग पंप दोन दिवस बंद पडला तर लहान टाकीत जेवढी घसरण होईल तेवढीच मोठीत होईल. रात्रीच्या ऑक्सिजनचंही तसंच. पंप थांबले की किती वेळात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतील, हे लिटरवर ठरत नाही. लिटरमागे किती जीव श्वास घेत आहेत यावर ठरतं.

सल्ला देणारे आणखी एक गोष्ट सांगायची विसरतात. मोठी टाकी संथपणे बिघडते, तशी ती सुधारतेही संथपणे. काही विषारी पडलं, बाहेरून फवारलेलं कीटकनाशक आत गेलं, किंवा प्रवाळांनी एकमेकांवर रसायनं सोडून सगळे आक्रसले, तर पहिला उपाय म्हणजे अर्धं पाणी बदलणं. लहान टाकीत ते 95 लिटर होतं. दोन ड्रममध्ये तयार ठेवलेलं पाणी एका संध्याकाळी घालून होतं. मोठ्या टाकीत तेच 340 लिटर. घरगुती आरओला 75 गॅलनची मेम्ब्रेन असेल, तर पूर्ण दाबाने, न थांबता चोवीस तास चालून ती 280 लिटरच्या आसपास पाणी देते. आपल्या इमारतींतल्या दाबावर त्याहून कमी. म्हणजे नुसतं शुद्ध पाणी जमवायलाच दीड दिवस. त्यात साडेबारा किलो मीठ विरघळवायचं, ते ढवळायचं, तापमान जुळवायचं. तोवर जे वाचायचं ते वाचलेलं असतं आणि जे मरायचं ते मेलेलं असतं. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले तर आणखी कठीण. त्यावरचं तांब्याचं औषध प्रवाळांच्या टाकीत घालता येत नाही, कारण बिनकण्याचे जीव त्याने मरतात. मासे बाहेरच काढावे लागतात. सहा फुटी टाकीतल्या खडकांच्या रचनेतून आठ मासे पकडायचे म्हणजे रचना मोडावी लागते; आणि मग त्या आठांना कित्येक आठवडे ठेवायला दुसरी, बऱ्यापैकी मोठी टाकी लागते. तिचा उल्लेख विक्रीच्या वेळी कुणी करत नाही.

आता आपल्या हवेबद्दल. या छंदाची बरीचशी पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली. त्यांत हीटरवर पानंच्या पानं असतात. आपला प्रश्न उलटा आहे. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून जेमतेम एक अंशाने वर राहिलं, आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकून पांढरे पडतात. लक्षद्वीपने हे 1998, 2010 आणि 2016 साली भोगलं आहे. टाकी 25 ते 27 अंशांत ठेवायची, तर एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात एक वेळ पंख्यावर भागतं. हवा कोरडी असते, बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोनेक अंशांनी उतरतं. मुंबईत आणि कोकणपट्टीत दमट हवेत पंख्याचा फार उपयोग होत नाही. तिथे चिलर लागतोच. 680 लिटर आणि सम्प (टाकीखालची जोडटाकी) धरला तर अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपासचा. तो पाण्यातली उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे तुमच्या खोलीत टाकतो. बंद कपाटात बसवला तर स्वतःच्याच उष्णतेशी झगडत दिवसभर चालत राहतो. दिवे, सम्पातून पाणी वर आणणारा परतीचा पंप, घाण काढणारा स्किमर, लाटा करणारे पंप आणि चिलर मिळून सरासरी 500 वॅट धरले, तरी महिन्याला 360 युनिट होतात. विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. हे युनिट घरच्या वापरावर चढून वरच्या टप्प्यात जातात. खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते, ही दर महिन्याला.

वीज गेली तर काय, याचं उत्तर तर आधीच तयार हवं. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबई आणि आसपासचा मोठा भाग एकदम अंधारात गेला आणि वीज परतायला कित्येक तास लागले. त्याच वर्षी निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांनी त्याहून खूप जास्त सोसलं. घरच्या इन्व्हर्टरची 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवर बॅटरी कागदावर 1.8 युनिट साठवते. चिलर त्यावर फार वेळ टिकत नाही. वीस वॅटचा एक लाटांचा पंप मात्र त्यावर दोन दिवस चालू शकतो, आणि पाणी हलत राहिलं तर मासे गुदमरत नाहीत. नवीन टाकीच्या अंदाजपत्रकात काचेच्या आधी ही ओळ यायला हवी. मला दाखवल्या गेलेल्या बहुतेक अंदाजपत्रकांत ती नव्हतीच.

मग जमिनीचा प्रश्न. समुद्राचं पाणी लिटरला एक किलोहून थोडं जड असतं. 680 लिटरचे जवळपास 700 किलो, बारा मिलिमीटर काचेचे 120, खडक आणि वाळूचे 80-100, खाली भरलेला सम्प, लोखंडी स्टँड: एक टनाच्या पुढे वजन जातं. ते उभं राहतं एक चौरस मीटरहून जरा मोठ्या जागेवर. भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागानुसार राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो भारासाठी आखलेली असते. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही. तो भार सगळ्या खोलीभर धरलेला असतो, त्यात सुरक्षिततेची गुंजाइश असते, आणि भिंतीलगत, तुळईवर आडवी ठेवलेली टाकी खोलीच्या मधोमध ठेवलेल्या टाकीहून पुष्कळ सुरक्षित असते. पण तुळई कुठून जाते, स्लॅबच्या सळया कोणत्या दिशेने आहेत, इमारत किती जुनी आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशा पाहून सांगायचं असतं. स्टँड करणाऱ्या सुताराने किंवा दुकानदाराने नव्हे. "अमक्याकडे चौथ्या मजल्यावर आठ फुटी आहे, काही झालं नाही" हा युक्तिवाद मी ऐकून घ्यायला तयार नाही. खालच्या घरात माणसं झोपलेली असतात.

गळतीचंही इथेच सांगतो. सहा बाय दोनच्या टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की 11 लिटर खाली येतात. वीज गेल्यावर परतीच्या नळीतून उलटं ओढलं जाऊन पातळी तीन सेंटिमीटर उतरली तर 33 लिटर सम्पात येणार. सम्पात तेवढी मोकळी जागा नसेल तर ते जमिनीवर. गोडं पाणी सांडलं तर पुसता येतं. खारं पाणी फरशीच्या सांध्यांतून स्लॅबमध्ये मुरलं तर त्यातलं क्लोराइड सळयांपर्यंत पोचतं आणि गंज चढवतं. तो गंज वर्षानुवर्षं दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा खालच्यांच्या छताचं प्लास्टर सुटलेलं असतं. सम्पाची ही जागा काचेवर मार्करने खूण करून, पंप मुद्दाम बंद करून तपासायची. मासे येण्याआधी, गोड्या पाण्यावर.

पाण्याबद्दल थोडंच बोलतो, पण ते टाळता येणार नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर लहान टाकीला 19 लिटर, मोठीला 68. एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती आरओ दोन-तीन लिटर वाया घालवतो. ज्या शहरांत उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात टँकर उभे असतात, तिथे या छंदाने ते पाणी गटारात सोडणं मला मान्य नाही. फरशी पुसायला, संडासाच्या टाकीला, गाड्या धुवायला ते वापरण्याची सोय आधी करा. ती जमत नसेल तर टाकी वाढवू नका.

कायद्याचं बोलायला या छंदातले बरेच जण का-कू करतात. सहा फुटी टाकीसोबत जे प्रखर दिवे आणि डोसिंग पंप विकले जातात, ते कठीण प्रवाळांसाठी असतात. भारताने 2001 साली सगळे खडक-बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि महाशिंपल्यांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, समुद्रघोडेही. आपल्या किनाऱ्यावरून ते उचलणं, विकणं गुन्हा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती 2020 साली हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही वन खात्याची परवानगी घ्यावी लागली. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँकेवर प्रवाळांचं मोठं बेट पाण्याखाली आहे. ही आपली संपत्ती आहे. दुकानात "इम्पोर्टेड आहे" असं म्हटलं की प्रश्न मिटत नाही, कारण कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही परवान्याशिवाय होत नाही, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी जीवांची नोंदणी आपल्या कायद्यातही आली. कागद मागा. कागद नसेल तर तो जीव घरी नेऊ नका. समुद्रातून आणलेल्या "लाइव्ह रॉक"लाही हेच लागू, कारण तो बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा असतो. झोअँथिड, मश्रूम, लेदर कोरल असे मऊ प्रवाळ त्या यादीत सरसकट नाहीत, आणि त्यांना मध्यम प्रकाश पुरतो. तेव्हा कायदा पाळणाऱ्या हौशीला सहा फुटी टाकीवरच्या त्या महागड्या दिव्यांची गरज नेमकी कशासाठी आहे, हे विकणाऱ्याने सांगावं.

पुष्कळ जीव जुन्या टाकीतून नव्या टाकीत हलवण्याच्या दिवशीच जातात. "जुनी टाकी पिकलेली आहे, सगळं पाणी नव्या टाकीत ओता, एका दिवसात काम होतं" हा सल्ला मी सर्रास ऐकतो आणि तो विज्ञानाच्या विरुद्ध आहे. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते खडकाच्या, काचेच्या, वाळूच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. जुनं पाणी ओतून तुम्ही त्यांना नेत नाही, फक्त साठलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट नेता. जुनी वाळू उपसून नव्या टाकीत घालणं त्याहून वाईट. खोल थरांत ऑक्सिजन नसतो, तिथे कुजका गाळ आणि कधी हायड्रोजन सल्फाइड दडलेलं असतं. थर ढवळला की ते सगळं एकदम माशांच्या कल्ल्यांवर येतं. वाळू नवीनच घ्यावी, किंवा जुनी अगदी निवळेपर्यंत धुवावी. नेण्यासारखा असतो तो जुना खडक, तोही ओला ठेवून, त्याच तापमानाच्या पाण्यात.

नव्या टाकीत जे कोरडे किंवा बनवलेले खडक भरले जातात ते पहिले काही महिने उघडे असतात. त्यावर आधी तपकिरी थर येतो, मग हिरवं केसाळ शेवाळ, आणि कित्येकदा चिकट, बुडबुडे धरणारे डायनोफ्लॅजेलेट. या पृष्ठभागावर चांगले रहिवासी बसेपर्यंत वेळ द्यावाच लागतो आणि तो पैशाने विकत मिळत नाही. म्हणून खरा मार्ग म्हणजे दोन्ही टाक्या काही महिने शेजारी चालवणं: नवी आधी गोड्या पाण्यावर तपासायची, मग खारं पाणी, मग जुन्या टाकीतला एखादा खडक, मग थोडे मऊ प्रवाळ कमी प्रकाशात, आणि अमोनिया शून्य राहतो हे पुन्हा पुन्हा पाहून सगळ्यात शेवटी मासे. दिवे नवे आणि प्रखर असतील तर पहिले कित्येक आठवडे मंद ठेवायचे. उष्णतेने पांढरे पडतात तसे प्रवाळ प्रकाशानेही पडतात. हे ऐकून समोरचा म्हणतो, "दोन टाक्या ठेवायला जागा कुठे आहे? नवी जुनीच्याच जागी येणार." अगदी बरोबर. आपल्या घरांत जागा नसते. पण मग त्याचा अर्थ असा की तुमच्या घरात हे काम सोपं नाही, आणि सोपं असल्याचं सांगून टाकी विकणं प्रामाणिकपणाचं नाही. जागा नसेल तर काही महिने खडक आणि मासे पंप, हीटर किंवा चिलर लावलेल्या झाकणाच्या ड्रममध्ये ठेवायची तयारी हवी. ती नसेल तर थांबा.

यावर एक आक्षेप येईल: म्हणजे कुणी पुढे जाऊच नये का? मी असं म्हणत नाही. ज्याच्याकडे आधीच निळा टँग 190 लिटरमध्ये फेऱ्या मारतोय, त्याला दोनच मार्ग आहेत, मोठी टाकी किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाकडे तो मासा सोपवणं. टँग मासे अंड्यापासून टाकीत वाढवणं शास्त्रज्ञांना फार उशिरा जमलं: पिवळा 2015 साली हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटला, निळा 2016 साली फ्लोरिडा विद्यापीठात. त्याआधी बाजारात आलेला प्रत्येक समुद्रातून ओढून काढलेला होता आणि आपल्याकडे येणारे बहुतेक आजही तसेच असतात. ज्याने तो विकत घेतला त्याच्यावर त्याला हलायला जागा देण्याची जबाबदारी आहे. पण ज्याच्याकडे टँग नाही, ज्याची लहान टाकी भरून आली म्हणून त्याला मोठी हवी आहे, त्याला मी सांगेन की प्रवाळ कापून वाटा. झोअँथिडचा गठ्ठा छाटला की दोन होतात, दुसऱ्या कुणाला द्या. जकार्तात लि चिन एंग यांनी 1961 साली जगासमोर मांडलेली समुद्री टाकीची पद्धत जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांच्यावर उभी होती. यंत्रं जवळपास नव्हतीच. होतं ते रोजचं निरीक्षण.

आणि मोठी घ्यायचीच असेल, तर उंची वाढवू नका. काचेवरचा दाब उंचीवर ठरतो, लांबीवर नाही. दोन फुटांपेक्षा खोल टाकीत हात तळापर्यंत पोचत नाही, आणि ज्या कोपऱ्यात हात पोचत नाही तिथे मेलेला मासा कुजतो. पैसे आधी सम्पावर, विजेच्या पर्यायावर, आरओवर आणि इंजिनिअरच्या फीवर घाला; उरले तर काचेवर. टाकीत काय ठेवायचं याची यादी भिंतीवर चिकटवा आणि पहिलं वर्ष ती वाढवू नका, म्हणजे पाण्याच्या साठ्याचा जो फायदा सगळे सांगतात तो निदान तुमच्या पदरात पडेल. गणपतीत सगळं घर कोकणात जातं तेव्हा आठ दिवस टाकी कोण पाहणार, हेही आधी ठरवा. लहान टाकीसाठी शेजारच्या मावशींना काचेवरची एक खूण दाखवून "पाणी याच्या खाली गेलं की या कॅनमधलं घाला" एवढं सांगता येतं. चिलर, डोसिंग पंप आणि कंट्रोलर असलेली सहा फुटी टाकी सांभाळायला ज्याला या सगळ्याची ओळख आहे असा माणूस लागतो. तो माणूस आज तुमच्या ओळखीत नसेल, तर टाकीची ऑर्डर देण्याआधी त्याला शोधा, आणि एखाद्या रविवारी पंप बंद करून, चालू करून, त्याच्या हाताने सगळं करून घ्या.